ग्रीस वाचताना

आज दिवसभर ग्रीसच्या कर्जसंकटावर वाचत बसले आणि डोकं सुन्न झालंय. २०१० मध्ये ११० अब्ज युरोचं पहिलं कर्जाचं पॅकेज आलं, युरोझोनचे (युरो चलन वापरणारे) देश आणि आयएमएफ (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) यांच्याकडून, आणि बदल्यात अटी काय तर पगार कापा, पेन्शन कापा, टॅक्स वाढवा. त्यातला बराचसा पैसा जुनी देणी फेडण्यात आणि बँका सावरण्यातच गेला. २०१३ ला बेरोजगारी २७ टक्क्यांवर, तरुणांमध्ये तर निम्म्याहून जास्त! बरं एवढं करून कर्ज हलकं झालं का, तर नाही, कारण अर्थव्यवस्थाच जवळपास पाव हिश्श्याने आटली आणि जीडीपीच्या तुलनेत कर्ज उलट फुगलं. (कमाईच घटवली तर फेडणार कशातून हो?) आयएमएफच्याच अर्थतज्ज्ञांनी २०१३ मध्ये लिहिलं की कपातीचा फटका आधी कमी धरला गेला होता.

आधीच्या सरकारांनी तुटीचे आकडे लपवले हे खरंय, त्यांची बाजू मी घेणार नाही. पण ते आकडे पेन्शनरांनी लपवले नव्हते ना.

सगळ्यात जास्त लागलं ते २०१५ चं. बँका बंद, एटीएममधून दिवसाला फक्त ६० युरो, बँकांच्या दारात ताटकळलेले म्हातारे, अशात ५ जुलैला लोकांनी सार्वमतात ६१ टक्क्यांनी अटींना 'नाही' म्हटलं आणि आठ-दहा दिवसांत पंतप्रधान सिप्रास यांच्या सरकारने तशाच कडक अटी मान्य केल्या. मग त्या मताचं काय झालं? यावर कुणी नीट वाचलं असेल तर प्लीज सांगा, मला खरंच समजून घ्यायचंय.