परतीचं तिकीट

बुधवार, रात्री साडेदहा

सगळे झोपले. मला झोप येत नाही म्हणून वही काढली. पर्समध्ये ते तिकीट अजून आहे.

सकाळी केपटाऊनजवळच्या केप पॉइंटला पोचलो तेव्हा वारा इतका होता की गाडीचं दार दोन्ही हातांनी धरावं लागलं. जावई अभय नातू ओमला बबून माकडांपासून सांभाळत होता, मी मागच्या सीटवर डबा शोधत होते. तेवढ्यात केतकी तिकिटाच्या खिडकीवरून आली आणि वर जाणाऱ्या ट्रॉलीचं एक तिकीट माझ्या हातात ठेवलं. "आई, तुझं जाऊन-येऊन काढलंय. आम्ही चालत येतो, वर भेटू."

झालं ते एवढंच.

विचारलं असतं तर मी ट्रॉलीनंच जाते म्हणाले असते. गुडघा परवापासून बोलतोय, वरचा रस्ता चांगला चढाचा आहे, हे मला दिसत होतं. मी जिना उतरताना कठडा धरते हे तिनं आल्या दिवशीच पाहिलं असणार. काळजीनंच काढलं तिनं तिकीट. पण विचारलं नाही. माझं उत्तर तिला आधीच माहीत होतं, आणि ते बरोबर होतं, हेच सलतंय.

त्या ट्रॉलीची, म्हणजे फ्युनिक्युलरची, रचना छान आहे. दोन डबे, एकाच दोराला बांधलेले. एक वर चढतो तेव्हा दुसरा खाली येतो, आणि मधोमध रूळ फुटून दोघांना एकमेकांना वाट देता येते. सगळा मार्ग ५८५ मीटरचा, जेमतेम तीन मिनिटांचा. दोन्हीकडे फिनबॉसची खुरटी झुडपं, मधेच प्रोटियाची फुलं, आणि खाली पाणीच पाणी. लोक फोटो काढत होते. मी काचेला नाक लावून पायवाटेवर ओमचा लाल टी-शर्ट शोधत होते. दिसला नाही. तीन मिनिटं त्यातच गेली आणि दार उघडलं.

बाबा गेल्यापासून कुठंही एकटं वर पोचलं की... जाऊ दे.

वरच्या स्टेशनापुढेही दीपगृहापर्यंत पायऱ्या आहेत, हे केतकीला माहीत नसावं. त्या मी चढले. कुणासाठी थांबले नाही. कठडा धरत, दोनदा बसत, पण चढले. पोचले तर ढग आला. शेजारचा माणूसही धूसर झाला, समुद्र तर नाहीच. पाच-सात मिनिटं मी त्या पांढऱ्या धुक्यात उभी होते आणि स्वतःची फार कीव आली. इतक्या लांब यायचं, आणि एकटीनं काहीच न दिसणाऱ्या जागी उभं राहायचं.

मग तिघं आले, धापा टाकत, गाल लाल झालेले. अभयनं ओमला दीपगृहाची हकिगत सांगितली. हा दिवा १८६० साली लागला, समुद्रापासून सुमारे २३८ मीटरवर. इतका उंच की अशा ढगात तोच बुडून जायचा आणि खालच्या जहाजांना उजेड दिसायचाच नाही. १९११ मध्ये लुसितानिया नावाचं पोर्तुगीज जहाज बेलोज रॉक नावाच्या खडकावर आदळलं. त्यानंतर खाली, टोकाच्या कड्यावर नवा दिवा बांधायला घेतला, ८७ मीटरवर. तो १९१९ पासून जळतोय. ओमनं विचारलं, "मग आधीच खाली का नाही बांधला?" अभय म्हणाला, "उंचावरचा लांबून दिसेल असं वाटलं असेल त्यांना."

मी ऐकत होते, पण माझं मन वणीला गेलं होतं.

केतकीच्या लग्नानंतर देवीची ओटी भरायला गेलो होतो. तेव्हा गडावर ट्रॉली नव्हती, पाचशेच्या आसपास पायऱ्या चढूनच जायचं. ऊन वाढत होतं, परतीची गाडी ठरलेली होती. मीच म्हणाले, "आई, तू पहिल्या पायरीचं दर्शन घे, आम्ही तासाभरात आलोच." आईनं ओटीचं ताट माझ्या हातात दिलं. खणाची घडी नीट केली, नारळ सरकला होता तो मधे ठेवला. बोलली काहीच नाही. आम्ही परतलो तेव्हा ती एका दुकानाच्या सावलीत पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. "गर्दी होती का गं?" एवढंच विचारलं. मी तिच्या हातावर पेढा ठेवला आणि गाडीची घाई केली.

पायरीपाशी नमस्कार करून तिनं तो तासभर काय केलं, कुणाशी बोलली, चढणाऱ्या माणसांकडे बघत होती का, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही. आज धुक्यात उभी असताना पहिल्यांदा मनात आलं.

उतरताना केतकी म्हणाली, "आई, ट्रॉलीनंच जा हं." म्हटलं, जाते. मनापासून म्हटलं. पुढच्या काचेपाशी जागा मिळाली. ढग विरला होता, फॉल्स बेचा उपसागर पार पलीकडच्या डोंगरांपर्यंत उघडा पडला होता. मधल्या ठिकाणी वर जाणारा डबा शेजारून गेला. त्यात माझ्याच वयाची एक बाई काचेला टेकून बाहेर वाकून बघत होती, कुणाला तरी शोधत. आणि जरा पुढं पायवाटेवर लाल टी-शर्ट दिसला. ओम दोन्ही हात हलवत डब्याबरोबर धावत होता. केतकी त्याची कॉलर धरून मागं. मीही हात हलवला, तो वळणाआड जाईपर्यंत.

केतकीला यातलं काही बोलायचं नाही. बिचारी दिवसभर माझ्या पायाला तेल लावू का विचारत होती.

वणीला आता ट्रॉली झाली आहे. पुढच्या महिन्यात घरी गेले की आईला घेऊन जायचं आहे. ती एक्क्याऐंशीची आहे, ट्रॉलीच म्हणणार. तरी तिकिटाच्या खिडकीपाशी जाण्याआधी तिच्यासमोर बसून विचारायचं आहे, आई, कसं जायचं?