आमची वाटचाल : काळी माती, कोकोपीट आणि एक मीटर

माळव्याची काळी माती गहू-सोयाबीनसाठी सोने असली, तरी कुंडीतल्या क्रोटन, अ‍ॅग्लोनिमा किंवा फिलोडेंड्रॉनच्या कटिंगला ती मानवत नाही, कारण ओली झाली की ती फुगून हवेच्या जागा बुजवते आणि वाळली की तडकून कोवळी मुळे तोडते. म्हणून इंदुरात रोपवाटिका सुरू केल्यापासून आम्ही 2 भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), 1 भाग परलाइट (भाजून फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) आणि 1 भाग चाळलेली जाड वाळू हेच मिश्रण वापरले. शेजारच्या रोपवाटिकेने मात्र आम्ही नारळाचा भुसा मातीच्या भावाने विकतो असे गिऱ्हाइकांच्या मनात भरवले, आणि ती सल अजून गेलेली नाही.

एका वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर धुतलेल्या म्हणून घेतलेल्या, दाबलेल्या कोकोपीटच्या 5 किलोच्या 40 विटांनी आम्हाला जवळजवळ बुडवले. तीन आठवड्यांत 4000 कटिंगांची बुडे काळी पडली, आणि आम्ही बुरशी समजून औषध फवारत राहिलो. शेजाऱ्यांनी आमची रोपे रोगट असल्याचा बोभाटा केला. देणी भागवायला टेम्पो विकावा लागला.

तेव्हाही रोपे न्यायला येत राहिल्या त्या रामबागेतल्या काकू, शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी कुंडीतून झिरपलेल्या पाण्यात ईसी मीटर, म्हणजे विद्युतवाहकतेवरून पाण्यातले क्षार मोजणारे यंत्र, बुडवले, तर आकडा 3.4 मिलिसीमेन्स आला. नर्मदेच्या नळाच्या पाण्यात तो 0.3 होता. दोष मिठाचा होता.

त्यानंतर आम्ही फुगवलेली वीट तीनदा निथळतो आणि रात्रभर कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात ठेवतो, कारण कणांना चिकटलेले सोडियम नुसत्या पाण्याने सुटत नाही. नव्याने या धंद्यात येणाऱ्यांनी कुंडीच्या तळाशी खडे घालू नयेत. त्याने निचरा सुधारत नाही, ओला थर तेवढा मुळांजवळ सरकतो. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इथेच घडवलेल्या इंदूर पद्धतीच्या कंपोस्टचा आम्हाला अभिमान आहे, तरीही मुळे फुटेपर्यंत कटिंगला ना कंपोस्ट द्यावे, ना शेणखत.

व्यापाऱ्याने उरलेल्या 22 विटा परत घेतल्या नाहीत. त्या धुऊन भरलेल्या कुंड्यांमधली पहिली अ‍ॅग्लोनिमा काकूंच्या ओसरीवर आहे, आणि त्यांचे मीटर आमच्या पाण्याच्या टाकीशेजारच्या खुंटीला.