शाळूच्या रानात पांढरा थर

आमचं रान जत तालुक्यात, सगळं पावसावरचं. ओढ्याकडच्या तुकड्यात दोन वर्षं हरभरा उगवायचाच नाय नीट, उगवला तरी कडा करपायच्या, आणि उन्हाळ्यात मातीवर क्षारांचा पांढरा थर दिसायचा. आमचे आण्णा म्हणायचे खत कमी पडतंय, म्हणून आम्ही खतच वाढवत गेलो, ती मोठी चूक झाली कारण रासायनिक खत म्हणजे पण क्षारच की!

शेवटी माती आणि बोअरचं पाणी दोन्ही तपासलं. बोअरचं पाणीच मचूळ निघालं, त्याच पाण्यानं आम्ही पीक वाचवत होतो.

एक गोष्ट मनापासून सांगतो, खारवट आणि चोपण यात गल्लत करू नका. ईसी (मातीतल्या क्षारांचं माप, डेसिसायमन प्रति मीटरमध्ये) ४ च्या वर असेल तर खारवट, तिथं जिप्सम या भूसुधारकापेक्षा गोड पाण्यानं मीठ खाली धुऊन काढणं आणि निचरा हाच इलाज. सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि सोडियम जास्त असेल तर चोपण, ओली असताना चिकट, वाळली की दगड, तिथं जिप्सम लागतं, तेही रिपोर्टमधल्या हिशोबानं.

कोरडवाहूला गोड पाणी म्हणजे पाऊसच, म्हणून आम्ही पावसाआधी बांध नीट केले, रान सपाट केलं, पाणी जागेवर मुरवलं, खाली चर काढून निचरा ठेवला. काढणीनंतर धाटं, भुसकट रानावरच पसरतो, ऊन थेट लागलं की ओल वर येते आणि मीठ पण वर आणते ना. हरभरा तिथं बंद केलाय, करडई घेतो, ती बरीच सोसते. यंदा उगवण चांगली आहे, कोपऱ्यातला एक पट्टा अजून रिकामाच दिसतोय.