गुलाबी झालेलं सिलिका जेल

निरभ्र दिवशी आमच्या छतावरच्या यूव्ही (अतिनील किरणं मोजणाऱ्या) सेन्सरचा आलेख इतका देखणा यायचा की त्याच्यावर शंका घ्यायचं कुणाच्या मनातही येत नसे. त्याच्याच भरवशावर एका सहकाऱ्याने अहवालाचा मसुदा माझ्या टेबलावर ठेवला : इथली अतिनील किरणं वर्षागणिक घटताहेत.

मला खटकला तो ओझोन. ओझोन एक टक्का वाढला, तर त्वचा भाजणारी किरणं एक टक्क्याहून थोडी जास्तच घटतात. उपग्रहाच्या नोंदींत ओझोन होता तिथेच होता. धूळ-धूर वाढला म्हणावं, तर शेजारचा पायरानोमीटरही (सूर्याची एकूण किरणं मोजणारं उपकरण) तसं काही सांगत नव्हता.

सुदैवाने तेव्हा ताजं कॅलिब्रेशन झालेला एक स्पेक्ट्रोरेडिओमीटर, म्हणजे प्रत्येक तरंगलांबीची किरणं वेगवेगळी मोजणारं उपकरण, हाताशी होता. (त्यालाही मी डोळे मिटून मानत नाही. कॅलिब्रेशन करताना त्याच्यासमोर प्रमाणित दिवा अर्ध्या मीटरवर ठेवतात. तो एक मिलिमीटर सरकला तरी ०.४ टक्क्याचा फरक पडतो.) दोन्ही उपकरणं शेजारी ठेवून दिवसभर त्यांच्या आकड्यांचं गुणोत्तर काढत बसलो. सेन्सर नुसता मंदावला असता, तर गुणोत्तर दिवसभर तेच राहिलं असतं. इथे भर दुपारी एक आणि ऊन कलल्यावर भलतंच! सेन्सर तिरका बसलाय का, ते आधी पाहिलं. पाणसळीचा बुडबुडा बरोबर मधोमध होता. मग संशय वर्णपटावर गेला. सूर्य खाली आला की किरणांना ओझोनमधून लांबचा पल्ला गाठावा लागतो, ३१५ नॅनोमीटरच्या आतली किरणं जास्त गाळली जातात आणि मिश्रणच बदलतं.

सेन्सरच्या पोटातली डबी उघडली. आतली ओल शोषून घेणारं, निळं असायला हवं ते सिलिका जेल फिकट गुलाबी झालं होतं, म्हणजे ओल धरून बसलं होतं. ओलीने अशा सेन्सरची संवेदनशीलता बदलते, आणि सगळ्या तरंगलांबींना सारखी बदलत नाही.

"मग जुन्या आकड्यांना एका गुणकाने गुणून टाकू," सहकारी म्हणाला.

"दुपारचा गुणक की संध्याकाळचा? आणि जेल कधी गुलाबी झालं, ते लिहिलंय कुठे?"

त्याला ते पटलं नाही. मी त्याला अमेरिकेतल्या, अतिनील किरणं मोजणाऱ्या रॉबर्टसन-बर्गर मीटरांचं उदाहरण दिलं. १९७४ ते १९८५ च्या नोंदींवरून अतिनील किरणं घटल्याचा निष्कर्ष १९८८ मध्ये छापून आला होता आणि पुढे त्या मीटरांच्या कॅलिब्रेशनवरच बोट ठेवलं गेलं. तिथे मीटरांचं अख्खं जाळं होतं, इथे आमचा एकुलता एक सेन्सर.

वाद संध्याकाळपर्यंत चालला. अहवालातला तो परिच्छेद गेला. सेन्सरने नोंदलेले कच्चे व्होल्ट तसेच ठेवून शेजारच्या रकान्यात 'शंकास्पद' एवढं लिहिलं. नवं जेल भरल्यावर गुणोत्तर लगेच जागेवर आलं नाही, आतली ओल सुकायला वेळ लागतो. सहकारी अजून म्हणतो, घट थोडी तरी खरी असणार. असेलही, पण त्या नोंदींवरून ती दाखवता येणार नाही.