मांजरीची नसबंदी झाली, आता टाके निघेपर्यंत

टाके बिघडतात ते बहुधा घरी, आणि तेही पहिल्या दिवशी नाही. पहिल्या रात्री मांजर गप्प पडून असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं ओसरतं, टाक्यांना खाज सुटते आणि बाईसाहेब थेट फ्रिजवर! वरची कातडी जुळलेली दिसली तरी आत पोटाचा थर अजून दोऱ्याच्या भरवशावर असतो. म्हणून टाके निघेपर्यंत, म्हणजे १० ते १४ दिवस, तिला एकाच खोलीत ठेवा. त्या खोलीत माळा, उंच कपाट किंवा उघडी खिडकी नको.

भुलीने अंग गार पडतं. पहिल्या रात्री तिला गार फरशीवर किंवा पलंगावर ठेवू नका, जमिनीवर गोधडी घाला. गरम पाण्याची पिशवी अंगाला चिकटवू नका. गुंगीत तिला चटका कळत नाही आणि सरकताही येत नाही. मान नीट धरू लागली की पाणी द्या, मग नेहमीच्या पाव भाग खाणं. एखादी उलटी, डोळ्यांच्या मोठ्या झालेल्या बाहुल्या, लडखडणं सकाळपर्यंत चालतं. हिरड्या पांढऱ्या पडल्या, जाग येईना किंवा जखमेतून रक्त ठिबकत राहिलं, तर मात्र रात्रीच डॉक्टरांना फोन करा. २४ तास काहीच खाल्लं नाही तरीही दाखवाच.

सगळ्यात जास्त हयगय होते ती गळ्यातल्या कोनच्या, म्हणजे जखम चाटता येऊ नये म्हणून घालायच्या शंकूसारख्या पट्ट्याच्या बाबतीत. दया येऊन लोक तो दुसऱ्याच दिवशी काढतात. मांजरीची जीभ कानशीसारखी खरखरीत असते. थोडा वेळ मिळाला तरी ती टाके उसवू शकते. कोनची कड नाकाच्या थोडी पुढे यायला हवी आणि गळ्याशी दोन बोटं जायला हवीत. खाताना तो अडखळत असेल तर खाणं सपाट बशीत द्या आणि बशी जरा उंचावर ठेवा. अगदीच सहन होत नसेल तर जुन्या टी-शर्टच्या बाहीचा अंगरखा करता येतो, पण तो ओला किंवा मळका झाला की लगेच बदलायचा.

जखम सकाळ-संध्याकाळ उजेडात बघा. सुरुवातीची किंचित लाली, टाक्यांखाली लागणारी बारीक टणक रेघ यांची काळजी नको. पू, दुर्गंधी, फाकलेली कड, वाढत जाणारी सूज असेल तर दवाखाना. जखमेतून आतलं काही बाहेर डोकावलं तर ते आत ढकलू नका. स्वच्छ ओल्या कापडाने झाकून तसंच न्या.

जखमेवर हळद, तेल, पावडर काही नको. डेटॉल तर नकोच, ते चाटून विषबाधा होते. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजरीचा जीव घेऊ शकते. डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक वजनाप्रमाणे असतं, त्यात आपल्या मनाने भर घालू नका. बारीक लिटर (मांजरीच्या शी-शूच्या ट्रेमधली वाळू) जखमेला चिकटतं, तेवढे दिवस फाडलेले वर्तमानपत्र वापरा. आंघोळ टाके निघाल्यावर.

बोक्याचं सोपं. त्याला बऱ्याचदा टाकेही नसतात. पण ऑपरेशननंतर काही आठवडे तो मांजरीला गाभण करू शकतो, त्यामुळे घरात नसबंदी न झालेली मांजर असेल तर दोघांना निदान सहा आठवडे वेगळं ठेवा. आणि बरं वाटल्यावर नसबंदी झालेल्या मांजरीची आणि बोक्याची, दोघांचीही भूक वाढते, गरज मात्र कमी होते. खाणं अंदाजाने न वाढता मोजून वाढा आणि दर महिन्याला वजन करा.