शटर, माग आणि आम्ही : आमची वाटचाल

पहिल्यांदा एक गोष्ट क्लिअर करतो. आमच्याकडं रेकॉर्डिंग केलेल्या बँडच्या पोरांच्या पहिल्या अल्बमच्या सीडीवर मागच्या बाजूला ज्या स्टुडिओचं नाव छापलंय, तिथं त्यातलं एक गाणं पण रेकॉर्ड झालेलं नाही. आठच्या आठ गाणी आमच्या बेळगावातल्या वडगावच्या गॅरेजमध्ये, शटर अर्धं खाली ओढून, शेजारचा माग चालू असताना झालीत. इतकी वर्षं हे मी तोंडी सांगत आलोय, आता लिहूनच टाकतो. आपल्या साउंडच्या दुकानाची वाटचाल लिहा की पप्पा म्हणून पोरगी मागं लागली होतीच, दोन्ही कामं एकदम होतील.

सुरुवात 1994 ला. दोन बॉक्स, चार भोंगे, अहुजाचा एक अँप्लिफायर आणि पार्टनर. पार्टनर म्हणजे आमचे मिस्त्री. खडेबाजारात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं टेबल होतं, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, बोलायचे कमी. कुठलाही सेट उघडला की आधी वाकून वास घ्यायचे, मग मीटर लावायचे. कंडेन्सर गेलाय म्हणाले की गेलेलाच असायचा. भांडवल माझं, म्हणजे आईच्या पाटल्या, आणि हात त्यांचे. लग्नं, बारशी, गणपती, शिवजयंतीच्या चित्ररथाला रात्रभर जागरण, आणि इलेक्शन आलं की रिक्षातली अनाउन्समेंट, एकाच कॅसेटवर ए साईडला मराठी आणि बी साईडला कन्नड. बोर्डावर पण तसंच, वर मोठं कन्नड, खाली मराठी, आत आल्यावर कुणाला काय येतंय ते. पुढची वीस वर्षं अशीच गेली, पोट भरलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते मशीनबद्दल. 2003 ला गोव्यातल्या एका हॉटेलात वाजवणाऱ्या माणसाकडनं टास्कमचा फोर ट्रॅक, म्हणजे एकाच कॅसेटवर चार आवाज वेगवेगळे भरायचा रेकॉर्डर घेतला, बंद पडलेला, बेल्ट विरघळून डांबरासारखा झालेला. मिस्त्रींनी तीन दिवस इअरबड आणि स्पिरिटनं ते डांबर काढलं, दुसरा बेल्ट बसवला, हेडचा स्क्रू कानानं ऐकत ऐकत सेट केला. ज्यांनी वापरलाय त्यांना माहीत आहे, ह्यात कॅसेट एकाच साईडनं चालते, चारही ट्रॅक एकदम, आणि स्पीड डबल, त्यामुळं नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर 22 मिनिटंच बसतात. तीन ट्रॅक भरले की ते एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे, म्हणजे बाउन्स करायचे, आणि त्या तिघांवर पुन्हा नवीन भरायचं. एकदा बाउन्स केलं की परत फिरणं नाही, ड्रम मोठा झाला तर मोठाच राहिला. आताच्या पोरांना अनडू लागतो, आम्हाला आधी विचार करावा लागायचा.

दुसरी गोष्ट अर्थिंग. रेकॉर्डिंगमध्ये जो घुंऽऽ येतो तो पन्नास हर्ट्झचा, लाईटीचा. लोक महागडे फिल्टर घेतात. मिस्त्रींनी गॅरेजच्या मागं खड्डा मारला, पाईप उभा केला, मीठ आणि लोणारी कोळशाचे थर घातले, आणि मला सांगितलं उन्हाळ्यात रोज एक बादली पाणी ओतायचं. 2016 ला मिस्त्री गेले. पाणी अजून ओततो.

आणि केबल कोपराभोवती गुंडाळू नका. कुणी विचारलेलं नाही तरी सांगतो. आतली तार पीळ खाते आणि बरोबर सहा महिन्यांनी ऐन कार्यक्रमात तुटते. एक वेढा सरळ, एक उलटा, असं हातातल्या हातात.

आता पोरं. 2018 च्या दिवाळीनंतर चौघंजण आले. दोघं उद्यमबागच्या फौंड्रीत कामाला, एकजण इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष दुसऱ्यांदा करणारा, आणि ड्रमवर खानापूरची पोरगी, तिला घरी वाजवू देत नव्हते आणि रूमच्या मालकिणीनं पण हाकललेलं. गिटार होती पण तिच्या जोडीला बुलबुलतरंग, त्याला आवाज पकडणारा पिकअप चिकटवून गिटारच्या अँपमध्ये घातलेला. मी म्हटलं हे काय करूलास रे? तर म्हणतो, काका, ह्याला गॅरेज पॉप म्हणतात, अमेरिकेत साठच्या दशकात पोरं घरच्या गॅरेजमध्ये वाजवायची त्याच्यावरनं नाव पडलं. मी म्हटलं मग बरोबर जागी आलासा, इथं मॅटडोर लागायची.

गाणी ऐकून मला आधी हसू आलं. एक किक मारून मारून चालू न होणाऱ्या स्कूटरवर, एक सेंट्रल बसस्टँडवर, एक असं की बायकोनं कुंदा, म्हणजे आमच्याकडची मिठाई, आणायला पाठवलंय आणि हा वाटेतच सगळा खाऊन रिकामा बॉक्स घेऊन घरी येतो. मराठीत चालू होतं आणि मधेच 'एन माडोदु' (काय करायचं) म्हणून कन्नडात घुसतं, कारण आपण बोलतोच तसं. सुरात सगळे नव्हते. पण एकत्र होते, आणि ते मशीनला आणता येत नाही.

प्रॉब्लेम असा की आमच्या भिंतीला भिंत लावून अण्णांचे चार माग. साड्या विणतात. बाकीचं रेकॉर्डिंग मी रात्री नऊनंतर करायचो, माग बंद झाल्यावर. ह्या पोरांना फौंड्रीची शिफ्ट सुटली की सहा ते नऊ एवढाच टाईम. गोधड्या लावल्या, पोती लावली (अंड्याचे ट्रे लावू नका, त्यानं आवाज अडत नाही, फक्त झुरळं होतात), तरी खटाक-खट खटाक-खट माईकमध्ये यायचंच. दोन दिवस मी वैतागलो. तिसऱ्या दिवशी पोरगीनं तालाची टिकटिक, म्हणजे क्लिक, ऐकवणारा हेडफोन काढून ठेवला, भिंतीकडं तोंड करून बसली आणि मागाबरोबर वाजवायला लागली. मी घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला सव्वाशेच्या आसपास ठोके. म्हणाली, काका, क्लिक फुकट मिळूलाय की. लाईट डिम झाली की माग जरा मंदावायचा, तशी ती पण मंदावायची, आणि गाणं श्वास घेतल्यासारखं व्हायचं. एक शुअरचा 57 माईक तिच्या उजव्या खांद्यावरनं लटकवला, दुसरा समोर जमिनीलगत, आणि गाण्याला जाळी चेपलेला 58, तो बुवांनी एकदा पाडलेला. ड्रमला एवढंच. शेवटच्या गाण्यात जो मोठा धाडकन आवाज आहे ते शटर आहे, मी स्वतः ओढलंय.

बुवांचं सांगायचं राहिलं. येळ्ळूरचं भजनी मंडळ, 1997 पासून दरवर्षी आषाढीच्या आधी येणार, तेच अभंग, तोच मृदंग, चाल सुद्धा तीच. मी एकदा म्हटलं बुवा, मागच्या वर्षीचीच कॅसेट कॉपी करून देतो, पैसे वाचतील. म्हणाले, मालक, मागच्या वर्षीचा गळा मागच्या वर्षीचा. ॲडव्हान्स कायम आधी, रुमालात बांधून. असं गिऱ्हाईक एक असलं की बाकीच्या दहा उधारीवाल्यांना तोंड देता येतं.

मग 2019 चा ऑगस्ट. बेळगावात राहणाऱ्यांना सांगायला नको. पहिल्या आठवड्यातला पाऊस, नाल्याचं पाणी गल्लीत, गल्लीतनं गॅरेजात. रात्री दोनला मी मेन स्विच पाडला तेव्हा पाणी पोटरीला होतं, सकाळी मांडीला. मिक्सर गेला, दोन अँप गेले, बॉक्सचे लाकूड फुगून पापडासारखे झाले. आणि माझी चूक ऐका. बुरशी लागू नये म्हणून कॅसेटी मी लोखंडी कपाटात ठेवायचो, आत चाळीसचा बल्ब लावून, आणि बल्बची सोय खालच्या खणात होती. म्हणजे कोरडं राहावं म्हणून जिथं ठेवलं तिथंच पाणी आधी शिरलं. पाच गाणी कॉम्प्युटरवर उतरवून मी पोरांना पेनड्राईव्हवर दिलेली. उरलेली तीन त्या कॅसेटीत, गढूळ पाण्यात.

अण्णांचे माग पण बुडालेले, ते बीमवरचं सूत बघून पायरीवर बसून राहिले होते, त्यांच्यापुढं मी काय रडणार. तिसऱ्या दिवशी बुवा आले, टाळकऱ्यांना घेऊन, नऊ माणसं, खोरी, बादल्या. चिखल काढला, जेवले सुद्धा नाहीत. जाताना रुमाल ठेवला. म्हटलं आषाढी तर झाली बुवा. म्हणाले, पुढच्या वर्षीचा ॲडव्हान्स.

मी दुकान बंद करायचं ठरवलेलंच होतं खरं तर. त्या रुमालातल्या पैशानं पहिलं काय आणलं तर बॅटरीच्या दुकानातनं डिस्टिल्ड वॉटर, पाच लिटर. कॅसेटचे पाच स्क्रू काढले, रीळ बाहेर काढलं, परातीत पाणी बदलत बदलत चिखल सोडवला. नव्वदच्या कॅसेटमध्ये सव्वाशे मीटरच्या वर टेप असते, केसासारखी, ओढलं तर लांबते आणि लांबली की सूर गेला. माळ्यावर सावलीत वाळवली, फॅन लांबनं, हीटर नाही. मग दुसऱ्या कॅसेटच्या कवचात घालून पेन्सिलीनं हळू फिरवली. बारा दिवस गेले. कुंद्याच्या गाण्यात दुसऱ्या कडव्याला एक ठिकाणी आवाज अर्धा सेकंद बुडून वर येतो, ते आहे पुराचं पाणी.

ह्या बारा दिवसांत काय झालं तर पेनड्राईव्ह घेऊन पोरं दुसरीकडं गेली. नाव घेत नाही. एसी, काचेची केबिन, सोफा, आणि माझ्याकडं तेव्हा चिखल, पोरांचा दोष नाही. त्या माणसानं काय केलं, तर आधी मागाचा आवाज पुसला. मग ड्रम सरळ रेषेत बसवले, आवाजाला ट्यून लावला, म्हणजे कॉम्प्युटरनं सुरात ओढला. आणि प्रिंटिंग वाल्याचं पॅकेज संपतंय म्हणून पाचशे कव्हरं छापून मोकळा, 'रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग' स्वतःचं नाव. उरलेली तीन गाणी आमच्याकडं परत वाजवा म्हणाला. पोरगी बसली, कानात टिकटिक लावली, आणि तासाभरानं काठ्या ठेवून उठली. त्याच संध्याकाळी चौघं माझ्या दारात. काका, गाणं इस्त्री केल्यासारखं झालंय.

मी बोललो त्यांना, खोटं कशाला सांगू, चांगलं अर्धा तास बोललो. मग उसना मिक्सर आणला आणि आठही गाणी पहिल्यापासनं मिक्स केली. सीडी नवीन, कव्हरं तीच, पैसे कुणाकडंच नव्हते. कार्यक्रम ठरला 2020 च्या पाडव्याला. पाडवा होता 25 मार्चला. देशात लॉकडाऊन लागला तो पहिला दिवस, म्हणजे आमचं नशीब बघा.

पाचशे सीड्या घरात, मी घरात. त्या स्टुडिओवाल्याच्या नावावर मारायला रबरी शिक्का काढला, 'आवाज : वडगाव गॅरेज', तर कव्हर गुळगुळीत, शाई बसेना, पहिली चाळीस कव्हरं बोटांनी फासली गेली. मग कॅसेटीची जुनी लेबलं होती ती चिकटवली, प्रत्येकावर पेननं लिहून, बायको आणि पोरगी मदतीला. ज्यांच्याकडं लेबलवाली आहे त्यांनी जपून ठेवा. ऑनलाईन टाकताना कुणीतरी छापील कव्हर बघूनच माहिती भरली, तिथं अजून त्याचंच नाव दिसतं.

पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला वीस सेकंद फक्त शटर आणि माग आहे. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं तरच एक प्ले धरतात, तेवढ्यात माणूस पळून जाईल, कापा, असं बऱ्याच जणांनी सांगितलं. पोरांनी कापलं नाही. त्यांच्यावर माझा राग तिथं गेला.

बुवा दरवर्षी येतात, आता गळा बसलेला असतो, तरी नवीनच रेकॉर्ड करतात. मिस्त्रींची सोल्डरिंग मी वापरतो, मूठ दोनदा बदलली. आणि मागच्या महिन्यात त्या एसी स्टुडिओतला पोरगा अण्णांकडं आलेला, मागाचा आवाज रेकॉर्ड करून पाहिजे म्हणून, त्यांच्याकडं आता 'गॅरेज साउंड' म्हणून वेगळा रेट आहे म्हणे. अण्णांनी तासाला पाचशे घेतले, दोन तास माग चालवला, आणि तो गेल्यावर मला शटरशी येऊन विचारतात, कमी सांगितलं काय रे?