कुमुदिनीची लव: पाच फेऱ्यांनंतर कुठवर आलोय

पौडच्या पुढे भातखाचरांच्या कडेला एक छोटं तळं आहे. गेले पाच रविवार तिथेच जातोय, एकाच फुलासाठी. कुमुदिनी, म्हणजे निम्फॉइडिस इंडिका. फूल जेमतेम रुपयाएवढं, मध्ये पिवळं, आणि पाकळ्यांवर पांढरी लव. ती लव फोटोत सुटी सुटी दिसायला हवी, एवढाच हट्ट. आतापर्यंत माझ्याकडे नुसते चुन्याचे ठिपके होते.

पहिल्या दोन फेऱ्या आळसाने खाल्ल्या. नाश्ता उरकून पुण्यातून निघायचं आणि अकराच्या उन्हात पोचायचं. पाणी काळं, फूल पांढरं. कॅमेरा त्या काळ्याला भुलून प्रकाश वाढवतो आणि फोटोत फूल जळतं, नुसता पांढरा डाग उरतो. आता एक्स्पोजर सरळ उणे एकवर ठेवतो, उन्हाची तिरीप आली तर आणखी खाली. हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड-अंधाराचा आलेख, उजव्या भिंतीला टेकला की लव गेलीच, रॉमध्येही (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येही) परत येत नाही.

कवितेतली कुमुदिनी चंद्र पाहून उमलते. आमची ही दिवसपाळीवाली. सकाळी उघडते, दुपार कलेपर्यंत मान टाकते, आणि तेच फूल दुसऱ्या दिवशी भेटत नाही. त्यामुळे आता साडेसहाला घर सोडतो.

तिसऱ्या फेरीला सीपीएल लावला, म्हणजे पाण्यावरची चमक कापणारा फिल्टर. पाण्याशी साधारण ३७ अंशांच्या कोनातून पाहिलं की चमक जवळजवळ पुसली जाते, हे खरं. पण चमक गेली आणि खालचा चिखल, कुजकी पानं, कुणीतरी टाकलेलं गुटख्याचं पाकीट, सगळं वर आलं. शिवाय फिल्टर दीडएक स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड), आणि वाऱ्यात डुलणाऱ्या फुलाला १/५०० सेकंदाचा शटर तरी लागतोच.

चौथ्या फेरीला फिल्टर काढून काठावर पालथा पडलो. ट्रायपॉड चिखलात रुततो, म्हणून तांदळाची पिशवी घेतली आणि लेन्स पाण्यापासून वीतभर वर टेकवली. आभाळ भरून आलेलं. एवढ्या खालून पाहिलं तर तळ दिसेना. सगळं पाणी नुकती कल्हई लावलेल्या पातेल्यासारखं, आणि त्यावर ते फूल. दहा मिनिटं शटर दाबायचंच सुचलं नाही. बांधावरून एक काका ओरडले, “काय ओ, मोबाइल पडला का पान्यात?” फूल दाखवलं तर म्हणाले, “ह्याच्यापायी? उठा, जळवा हायेत तिथं.” होत्या. घरी मोजे काढताना कळलं.

परवा पाचवी फेरी. मधूनच ऊन पडायला लागलं, तेव्हा भरतकामाच्या मोठ्या रिंगवर ताणलेली बायकोची जुनी पांढरी ओढणी मित्राने फुलावर धरली. १०० एमएम मॅक्रो, एफ/८, १/५००, आयएसओ ८००. एकशे चाळीस फ्रेम काढल्या, त्यातल्या दोन जमल्या. पुढच्या पाकळीची लव अगदी दुधात भिजवलेल्या दोऱ्यांसारखी, एकेक मोजता येईल अशी.

मागच्या तीन पाकळ्या मात्र धुक्यात. खालून घेतलं की फूल आडवं पडतं आणि फोकसची पट्टी एकाच पाकळीवरून जाते. वरून घ्यावं तर कल्हई जाऊन चिखल येतो. फोकस स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेम जोडून एक फोटो करणं, वाऱ्याने हाणून पाडलं. आता येत्या रविवारी कोपर वीतभर वर उचलून, एफ/११ करून, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून फोकसची पट्टी रुंदावून बघतो. तांदळाच्या दोन पिशव्या लागतील.